इशारा देणारी मोफत ॲप्स : कोणता आकडा उगमाचा, कोणता आपल्या दारातला

हवामान विभागाचं मौसम, विजेची खबर देणारं दामिनी, सगळ्या आपत्तींचे इशारे देणारं सचेत, राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं भूकंप ॲप आणि अँड्रॉइड फोनमधली भूकंप-सूचना. पाचही मोफत आणि पाचही महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात उपयोगी पडणारी. अडचण एकच, प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. एक 4.1 सांगतं, दुसरं ताशी 60 किलोमीटर, तिसरं नुसता नारिंगी रंग दाखवतं, चौथं 20 किलोमीटरचं वर्तुळ काढतं. यातलं जास्त गंभीर कोणतं, हे वाचणाऱ्यानेच ठरवायचं. म्हणून ॲप दिसायला कसं आहे, किती जागा खातं, हे इथे बघितलेलं नाही. दोनच गोष्टी बघितल्या आहेत. दिलेला आकडा धोक्याच्या उगमाचा आहे की आपण उभे आहोत त्या जागेचा? आणि तो वाचल्यावर हाताशी वेळ किती उरतो?

मग सगळ्या धोक्यांची ऊर्जाच का मोजू नये, असं कोणाच्याही मनात येईल. मोजता येते, पण उपयोग होत नाही. किल्लारीच्या 1993च्या भूकंपाचा मॅग्निट्यूड, म्हणजे उगमापाशी मोजलेली ताकद, 6.2 धरला तर लहरींमधून बाहेर पडलेली ऊर्जा सुमारे 130 लाख कोटी ज्यूल होते. शंभर चौरस किलोमीटरवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला, तर वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता याच्या जवळजवळ दोनशे पट भरते. असा पाऊस कोकणात एका पावसाळ्यात कितीदा तरी होतो आणि भाताचं भलंच करून जातो. उलट विजेच्या एका लोळात फार तर अडीच-तीनशे युनिट, म्हणजे एखाद्या घराच्या दोन-तीन महिन्यांच्या बिलाएवढी ऊर्जा असते. तरी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 या एका वर्षात देशात वीज पडून 2,887 माणसं गेली. एकूण ऊर्जा किती, यापेक्षा ती किती जागेत, किती वेळात आणि कशावर उतरते, यावर सगळं ठरतं.

भूकंप ॲपपासून सुरुवात करू, कारण मराठीत सगळ्यात जास्त घोळ इथेच आहे. बातमीत आपण ‘5.2 रिश्टर तीव्रतेचा धक्का’ असं वाचतो. हा आकडा तीव्रतेचा नसतो, तो मॅग्निट्यूड असतो. म्हणजे जमिनीखालच्या भेगेत एकूण किती उलथापालथ झाली याचं माप. एका भूकंपाला मॅग्निट्यूड एकच. तीव्रता मात्र गावागणिक बदलते. भारतात ती एमएसके मापनावर 1 ते 12 अशी मोजतात. 5 म्हणजे झोपलेले जागे होतात, टांगलेल्या वस्तू झुलतात. 6 म्हणजे लोक घाबरून बाहेर धावतात, गिलाव्याला चिरा जातात. 8च्या पुढे कच्च्या बांधकामाचं काही खरं नसतं.

मॅग्निट्यूडच्या आकड्यात आणखी एक फसगत आहे. 5 आणि 6 यांच्यातला फरक एकाचा दिसतो, पण लहरीची उंची 10 पट आणि ऊर्जा सुमारे 32 पट वाढलेली असते. दोन अंकांचा फरक म्हणजे हजारपट. म्हणून ‘कालचा 3.5 होता, आजचा 4.5 झाला, थोडा वाढला’ हे म्हणणं चुकीचं आहे.

भूकंप ॲप मॅग्निट्यूड, ठिकाण, वेळ आणि खोली देतं. यातली खोलीची ओळ बहुतेक जण वाचतच नाहीत आणि नेमकी तीच सर्वांत कामाची आहे. हिंदुकुशात दोनशे किलोमीटर खोलवर होणारा 6चा भूकंप दिल्लीपर्यंत पंखे हलवतो, पण वरच्या गावांतही त्या मानाने नुकसान कमी होतं. उलट पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर 2018पासून जी धक्क्यांची मालिका लागली, तिच्यातले 3 ते 4चे धक्के उथळ असल्यामुळे घराखाली सुरुंग उडाल्यासारखे जाणवले. ॲपमध्ये 4.0 आणि खोली 5 किलोमीटर दिसलं आणि केंद्र आपल्या तालुक्यात असलं, तर भिंतींच्या कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या चौकटींवर तिरप्या चिरा बघाव्यात. तोच 4.0 शंभर किलोमीटरवर असेल तर चहा संपवायला हरकत नाही.

सारख्या मॅग्निट्यूडने काय वेगळं घडतं, याची दोन उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. 11 डिसेंबर 1967चा कोयनेचा भूकंप 6.3च्या आसपासचा, मृत्यू सुमारे 180. 30 सप्टेंबर 1993चा किल्लारीचा 6.2, मृत्यू सुमारे आठ ते दहा हजार. दोन्ही पहाटेचे, दोन्ही उथळ. किल्लारी-सास्तूर पट्ट्यात गावं दाटीची होती, दगड-मातीच्या दीड-दोन हात जाडीच्या भिंती होत्या आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. माळवदावर गळती थांबावी म्हणून दरवर्षी मातीचा थर चढत गेलेला. भिंतीतले दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते, आरपार जाणारा दगड नव्हता. त्यामुळे हादऱ्यात भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजू सुट्या झाल्या आणि वरचं टनावारी ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. कुठल्याही ॲपचा आकडा हे सांगू शकत नाही. ज्यांच्या घराला आजही माळवद आहे त्यांनी मातीचा जादा थर उतरवणं आणि भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार काँक्रीटचे दुवे बसवून घेणं, हे फोनमध्ये काहीही टाकण्याआधीचं काम आहे.

भूकंप ॲप हा इशारा नाही, खबर आहे. धक्का बसून गेल्यावर काही मिनिटांनी येते. तरीही ठेवावं, दोन कारणांसाठी. धक्का कुठला होता ते अधिकृतपणे कळतं, त्यामुळे ‘आज रात्री मोठा येणार’ असल्या अफवांना (भूकंपाची वेळ आधी सांगणारं तंत्र जगात कोणाकडेही नाही) घरातल्या घरात उत्तर मिळतं. दुसरं म्हणजे नंतरचे धक्के. मुख्य धक्क्यापेक्षा साधारण 1.2 कमी मॅग्निट्यूडचा एखादा धक्का मागाहून येऊ शकतो, हा ठोकताळा आहे. 6 झाला असेल तर 4.8ची तयारी ठेवायची. तडा गेलेल्या घरात चादरी-भांडी आणायला जाणारे नेमके अशा धक्क्यात सापडतात.

अँड्रॉइडची भूकंप-सूचना मात्र वेगळ्या जातीची आहे. भारतात ती सप्टेंबर 2023मध्ये सुरू झाली. फोनमधले कंपन टिपणारे भागच इथे भूकंपमापक म्हणून वापरले जातात आणि 4.5च्या वरच्या भूकंपात तुमच्या जागी तीव्रता किती असेल याचा अंदाज काढला जातो. अंदाज 3-4चा असेल तर साधी सूचना येते. 5 किंवा जास्त असेल तर फोन सायलेंटवर असला तरी पडदा व्यापून मोठा आवाज होतो. पाचांपैकी भूकंपाची दारातली ताकद सांगणारी ही एकमेव सेवा, म्हणून आम्ही हिला वरचा क्रमांक देतो.

तिची मर्यादा भौतिकशास्त्राची आहे. पहिली, सौम्य लहर सेकंदाला साधारण 6 किलोमीटर धावते, नुकसान करणारी दुसरी साडेतीन. केंद्रापासून 50 किलोमीटरवर दोघींत सहा सेकंदांचं अंतर पडतं, 150 किलोमीटरवर सतरा-अठरा सेकंदांचं. भूकंप ओळखून संदेश निघायला लागणारा वेळ यातून वजा करा. केंद्राच्या वीस-तीस किलोमीटरच्या आत, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त हानी होते तिथे, सूचना आणि धक्का बरोबरच येणार. बाकीच्यांना मिळालेल्या दहा सेकंदांत जिना उतरायला जाऊ नये. टेबलाखाली शिरणं, गॅस बंद करणं, काचेपासून लांब होणं, एवढंच जमतं आणि तेवढं पुरतं. सेटिंग्जमध्ये ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ आणि त्यात ‘अर्थक्वेक अलर्ट्स’ हे सुरू आहे का ते बघा. तिथेच नमुना सूचना वाजवून पाहायची सोय आहे. घरातल्या आजी-आजोबांना तो आवाज एकदा ऐकवून ठेवावा, नाहीतर खऱ्या वेळी ते फोन बंद करायचं बटण शोधत बसतील.

आता वारा. हवामान विभागाची चक्रीवादळाची उतरंड तीन मिनिटांच्या सरासरी वेगावर आहे. ताशी 62 ते 88 किलोमीटर चक्रीवादळ, 89 ते 117 तीव्र, 118 ते 165 अतितीव्र, 166 ते 220 त्याहून वरचं आणि 221पासून महाचक्रीवादळ. अमेरिकेत एक मिनिटाची सरासरी घेतात, त्यामुळे त्याच वादळाचा तिकडचा आकडा मोठा येतो. परदेशी वाहिनीवर मोठा आकडा ऐकून आपल्या खात्याने लपवलं असं समजायचं कारण नाही.

हवामान विभागाच्या वादळाच्या पत्रकातला महत्त्वाचा आकडा सरासरीचा नसून झोताचा असतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा सरासरी ताशी 110 ते 120 आणि झोत 130 किलोमीटरपर्यंत होते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला मीटरमध्ये वेग घ्या, त्याचा वर्ग करा, 0.6ने गुणा. उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये मिळतं. 65 किलोमीटरच्या झोताला दाब चौरस मीटरला सुमारे 20 किलो येतो, 130च्या झोताला 80 किलो. वेग दुप्पट, रेटा चौपट. दहा फूट बाय साडेतीन फुटांचा एक पत्रा म्हणजे सव्वातीन चौरस मीटर. त्याच्यावर 260 किलोची ओढ, तीही खालून वर. छपराच्या कडेला आणि आढ्यापाशी ती दीडपट-दुपटीपर्यंत जाते. म्हणूनच श्रीवर्धन, दिवेआगर, मंडणगड, दापोलीकडे कडेचा पत्रा आधी उचकटला आणि मग वारा आत शिरून अख्खं छप्पर गेलं. दुरुस्तीत मधल्या पत्र्यांना जेवढे जे-हुक लावाल त्याच्या दुप्पट कडेच्या आणि आढ्याच्या रांगेत लावा. गंजलेला हुक मोजणीत धरू नका. कडेच्या वाशाला भिंतीतून लोखंडी पट्टीने बांधून घ्या. हुक घट्ट आणि वासा नुसता टेकवलेला असेल तर पत्रा वाशासकट उडतो.

वळवाच्या पावसातल्या वाऱ्याला कोणी चक्रीवादळ म्हणत नाही, म्हणून त्याची धास्ती कमी वाटते. मौसम ॲपवर येणाऱ्या तीन तासांच्या तातडीच्या अंदाजात ताशी 61 किलोमीटरच्या वरचे झोत असले की गडगडाटी वादळ ‘तीव्र’ गणतात. म्हणजे चक्रीवादळाची सुरुवात जिथे होते तिथेच हे पोचलेलं असतं, फक्त तास-दीड तासात आटपतं. 13 मे 2024ला घाटकोपरला जो जाहिरात फलक पेट्रोलपंपावर कोसळून 17 जण गेले, तो 120 बाय 120 फुटांचा होता. एवढ्या फळीवर 60 किलोमीटरच्या झोतालाही 22 टनांहून अधिक रेटा बसतो. फलकाला ‘वादळाचं नाव काय’ याच्याशी देणंघेणं नसतं. मौसमवरचा हा तीन तासांचा अंदाज म्हणजे त्या ॲपचा सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात कमी उघडला जाणारा भाग. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता तो बघायची सवय लावावी. मंडपवाले, क्रेनवाले, आंब्याच्या पेट्या उघड्यावर ठेवणारे यांनी तर नक्कीच.

विंडीसारख्या ॲपवर कोकणात बरेच जण वाऱ्याचे जांभळे-लाल पट्टे बघतात. ते संगणकीय प्रारूपाचं कच्चं उत्पादन आहे. दिशा आणि वेळ कळायला छान, पण तिथला लाल आणि हवामान विभागाचा लाल यांचा एकमेकांशी संबंध नाही.

पावसाच्या रंगांबद्दल मौसम ॲप बरंच चांगलं आहे आणि एका ठिकाणी अपुरं. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, 115.6 ते 204.4 म्हणजे अतिजोरदार, त्याच्या वर म्हणजे अत्यंत जोरदार. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग मात्र पावसाचे नाहीत, ते कृतीचे आहेत. लक्ष ठेवा, तयार राहा, हालचाल करा. पाऊस किती, होण्याची शक्यता किती आणि परिणाम काय, हे सगळं मिळून रंग ठरतो.

अपुरेपण जागेचं आणि वेळेचं आहे. रंग जिल्ह्याला मिळतो आणि आकडा चोवीस तासांचा असतो. 26 जुलै 2005च्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम 73. जिल्ह्याचा एक रंग ही दरी दाखवू शकत नाही. वेळेचं म्हणाल तर, मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती, नंतरच्या कामात ती ताशी 50 करायचं ठरलं. 120 मिलिमीटर दिवसभरात सावकाश पडला तर शहर चालू राहतं. तोच दोन तासांत पडला आणि वर भरती असली तर मिलन सबवे, हिंदमाता भरणारच. मुंबईकरांनी म्हणून मौसमचा रंग, महापालिकेच्या स्वयंचलित पर्जन्यमापकांचे ताजे आकडे आणि भरतीची वेळ अशा तीन गोष्टी एकत्र वाचाव्यात. रस्त्यावर वाहतं पाणी घोट्याच्या वर, सहा इंच असेल आणि ओढ असेल, तर मोठा माणूसही पडू शकतो. फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते.

दामिनीबद्दल हात आखडता घ्यायची गरज नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हे ॲप केलं आहे. विजेची ताकद किती, हा प्रश्नच ते विचारत नाही, कारण प्रत्येक लोळ माणसाला पुरेसा असतो. ते अंतर आणि वेळ दाखवतं. तुमच्याभोवती 20 आणि 40 किलोमीटरची वर्तुळं, त्यात गेल्या पाच मिनिटांत पडलेल्या विजा लाल, पाच ते दहा मिनिटांपूर्वीच्या पिवळ्या, दहा ते पंधराच्या निळ्या. निळे ठिपके लांब, पिवळे अलीकडे आणि लाल आणखी अलीकडे दिसले, की ढग तुमच्याकडे सरकतो आहे. उलट असेल तर लांब जातो आहे. हे नकाशावाचन दहावीतल्या मुलालाही पाच मिनिटांत येतं.

अडतं ते शिवारात. रेंज नसली की नकाशा जुनाच दिसत राहतो आणि ठिपके नाहीत म्हणून माणूस निर्धास्त होतो. अशा वेळी कान वापरावेत. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. चार खांबांवरची पत्र्याची शेड, मंडप, चिंचेचं झाड हा आसरा नव्हे. झाडावर पडलेली वीज बुंध्यापासून उडी मारून शेजारच्या माणसात शिरते.

सचेत हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. बाकी सगळ्यांच्या वेगवेगळ्या मोजपट्ट्या एका चौकटीत आणायचा प्रयत्न फक्त याने केला आहे. प्रत्येक इशाऱ्याला तीन बाजू असतात: निकड, गांभीर्य आणि खात्री. ही कल्पना फार चांगली आहे. वीज आणि उष्णतेची लाट दोन्ही ‘गंभीर’ असू शकतात, पण विजेची निकड ‘आत्ता’ आणि लाटेची ‘दोन दिवसांत’. सूचना आली की आधी निकड वाचायची, मग खात्री, गांभीर्य शेवटी. बहुतेक जण उलट्या क्रमाने वाचतात आणि रंग बघूनच घाबरतात किंवा पुसून टाकतात. पावसाळ्यात पिवळ्या सूचनांचा एवढा मारा होतो की लाल त्यात हरवतो. त्यावर उपाय म्हणजे घर, शेत आणि आई-वडिलांचं गाव एवढ्याच जागांवर लक्ष ठेवणं.

सूचना उशिरा येते किंवा येतच नाही याची कारणं बऱ्याचदा फोनमध्येच सापडतात. लोकेशनची परवानगी ‘ॲप वापरताना’ एवढीच दिलेली असते, ती ‘सदैव’ करा. बॅटरी बचत ॲपला झोपवते, तिथे ‘अनिर्बंध’ निवडा. वर्षभरात एकदा, मे महिन्यात, सगळी ॲप्स अद्ययावत करून उघडून बघा. कारण बरेच दिवस न उघडलेल्या ॲपची परवानगी अँड्रॉइड आपणहून काढून घेतो. आणि ज्यांच्याकडे इंटरनेट नाही त्यांच्यासाठी टॉवरवरून थेट येणारा सेल ब्रॉडकास्ट आहे, 2023मध्ये ज्याच्या चाचणीच्या भोंग्याने अनेक जण दचकले होते तोच. तो ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’मध्ये बंद करून ठेवला असेल तर पुन्हा चालू करा.

समुद्राकाठच्यांसाठी हैदराबादच्या इन्कॉइसची (समुद्राची माहिती देणाऱ्या राष्ट्रीय केंद्राची) पत्रकं स्वतंत्रपणे बघण्यासारखी. त्सुनामीत ती भूकंपाच्या मॅग्निट्यूडवर थांबत नाहीत, किनाऱ्यावर अपेक्षित लाटेची उंची धरून पायऱ्या ठरवतात. म्हणजे आकडा दारातला. 1945च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाची लाट मुंबईपर्यंत पोचली होती, पण यायला काही तास लागले. आपल्या किनाऱ्याला तेवढी सवड मिळते.

यातल्या कुठल्याच ॲपच्या भरवशावर राहू नये असा धोका एकच, दरड. माळीण 30 जुलै 2014ला गेलं, तळीये 22 जुलै 2021ला. डोंगर एका दिवसाच्या पावसाने सुटतो असं नाही. आधीच्या आठवडाभरात मुरलेलं पाणी मातीचं वजन वाढवतं, कातळाशी असलेली तिची पकड सोडवतं आणि मग शेवटचे काही तास निमित्त होतात. चोवीस तासांचा रंग ही साठवण धरत नाही. त्यामुळे डोंगरउतारावरच्या वाडीने स्वतःची वही ठेवावी. सरळ भिंतींचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला फूटपट्टीने पाणी मोजायचं, लिहायचं, डबा रिकामा करायचा. सलग चार-पाच दिवसांची बेरीज चढत असेल तर वरच्या बांधावर फेरी मारायची. जमिनीला नवी अर्धचंद्राकृती भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ किंवा एकाएकी बंद, सरळ उभी झाडं-खांब तिरके, काल लागत असलेलं दार आज चौकटीत अडकणं, यातलं एक जरी दिसलं तरी मौसमवर हिरवा असला तरी त्याच संध्याकाळी, उजेड आहे तोवर, म्हाताऱ्या-कोताऱ्यांना आणि गुरांना घेऊन शाळेत किंवा पठारावर जायचं. ओढ्याच्या वाटेने मात्र जायचं नाही, दरडीचा चिखल त्याच वाटेने खाली येतो.